नाक्यापलीकडचा दुखवटा

रुहामाला दैर तीनाच्या नाक्यावर उभं राहायला लागून इतकी वर्षं झाली होती, की आता ती का येते हे तिला कुणी विचारत नसे. मंगळवार उजाडला, की ड्रोराची जुनी पांढरी गाडी इस्रायलमधल्या कफार साबातल्या तिच्या इमारतीखाली येऊन हॉर्न वाजवी. रुहामा जाड कोट चढवून खाली उतरे आणि दोघी नाब्लुसच्या रस्त्याला लागत. रुहामा पासष्ट ओलांडलेली, इस्पितळात एक्स-रे काढण्यात सगळी नोकरी घालवून निवृत्त झालेली. ड्रोरा तिच्याहून थोडी मोठी. शाळेत भूगोल शिकवायची. आता सिगारेटी ओढायची आणि जगाला नावं ठेवायची.

अशाच बायकांचा एक गट होता, बहुतेक आज्या नि निवृत्त मास्तरणी. इस्रायली लष्कराच्या नाक्यांवर पाळीपाळीनं जायचं, काय चाललंय ते बघायचं, कुणी अडलं तर वरच्या कचेरीत फोन लावायचे आणि संध्याकाळी जे पाहिलं ते लिहून पाठवायचं. एखाद्याला सोडा म्हणून सांगायचा अधिकार त्यांना नव्हता. बघणं मात्र त्यांच्या हातात होतं, म्हणून त्या बघत.

पहिल्या वर्षी नाक्यावरून घरी आलं की रुहामाच्या घशाखाली घास उतरत नसे. तिचा नवरा अमिराम तेव्हा होता. तो ताट पुढे सरकवायचा आणि ती जेवायचं सोडून सांगत बसायची. तान्ह्या मुलाला घेऊन रांगेत उभी असलेली बाई, परीक्षेला निघालेला आणि परत पाठवलेला विद्यार्थी, उन्हात गुडघ्यावर बसवलेला म्हातारा. सांगता सांगता रडायची. मग रडणं कमी झालं, मग सांगणं कमी झालं. कधी, ते तिला कळलंही नाही. एक्स-रेच्या खोलीत ती शिशाचा जड एप्रन घालायची. तोच कुणीतरी पुन्हा अंगावर चढवला होता आणि आता तो निघत नव्हता. अमिरामला माती दिली त्या दिवशीसुद्धा तिनं आलेल्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर भांडी घासली. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. रुहामाला ठाऊक होतं की खंबीर वगैरे काही नाही. आत काही हलतच नव्हतं.

नाक्यावर पत्र्याची एक लांबलचक शेड होती. शेडच्या टोकाला एका वेळी एकच माणूस जाईल अशी लोखंडी फिरती फाटकं होती. बाजूला हातगाड्यांसाठी वेगळी वाट. पलीकडे नाब्लुस, अलीकडे खेडी. गाड्यांना आरपार जाऊ देत नसत, म्हणून माणसं इकडच्या टॅक्सीतून उतरून चालत पलीकडच्या टॅक्सीत बसत, आणि त्यांचं सामान वाहायला हमाल होते. त्या हमालांत अबू वजदी सगळ्यांत जुना.

अबू वजदीनं उमेदीची वर्षं इस्रायलच्या शहरांत इमारती बांधण्यात काढली होती. तिकडे कामाला जायचे परवाने बंद झाले तसा तो एक हातगाडी घेऊन नाक्यावर आला. हिब्रू त्याची अशी, की डोळे मिटून ऐकलं तर तेल अवीवचा गवंडीच बोलतोय असं वाटावं. रुहामाला तो पहिल्या दिवसापासून हाज्जे म्हणायचा. वयस्कर बाईला त्या भागात तसंच म्हणतात, मग ती मक्केला गेलेली असो वा नसो.

“काय हाज्जे, आलात का आमची तब्येत बघायला?”

“आले, अबू वजदी. कशी आहे?”

“तुम्ही आलात की ही बंदूकवाली पोरं जरा सरळ वागतात. तुम्ही गेलात, की व्याजासकट वसूल करतात.”

“मग येऊ नको म्हणता?”

“या हो, या. तुम्ही आला नाहीत तर झुहैरचा चहा कोण पिणार? आम्ही तर उधारीवाले.”

झुहैर म्हणजे चहावाला. अंगानं अवाढव्य, बोलायला मवाळ. तो नुसता हसायचा आणि दोघींसाठी पुदिन्याचा चहा ओतायचा.

“कफार साबात राहता ना तुम्ही?” अबू वजदी एकदा म्हणाला होता. “तिथल्या निम्म्या जिन्यांच्या फरश्या माझ्या हातच्या. कधी घसरून पडलात तर मलाच शिव्या द्या, दुसऱ्या कुणाला नको.”

“आजवर घसरले नाही.”

“तेच तर. त्याचं कुणी नावच घेत नाही.”

त्या हिवाळ्याच्या शेवटी, एका मंगळवारी, डोंगरावरून असा वारा सुटला होता की शेडचे पत्रे थडथडत होते. वरून हल्ल्याचा काहीतरी इशारा आला होता. तरुण पोरांना बाहेर पडू देत नव्हते आणि रांग शेडच्या बाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. हुकूम एलाद नावाच्या कोवळ्या लेफ्टनंटकडे होता. पोरगा उद्धट नव्हता, पण नियमाला चिकटलेला. बघायला आलेल्या बायकांनी ओलांडायची नाही ती पांढरी रेघ दाखवून तो दर मंगळवारी म्हणायचा, “बाई, रेघेच्या मागे,” आणि ड्रोरा दर वेळी म्हणायची, “अरे राजा, या रेघेहून मोठ्या रेघा मी फळ्यावर काढल्यात.”

अबू वजदी पलीकडून कुणाच्या तरी लग्नाच्या गाद्या घेऊन आला. टॅक्सीच्या टपावर त्या चढवल्या आणि नेहमीसारखं ओरडत परत न वळता सिमेंटच्या ठोकळ्यावर बसला. रुहामानं पाहिलं, त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता.

“अबू वजदी, काय होतंय?”

“काही नाही. गाद्या भारी होत्या. हल्लीच्या नवऱ्यामुलीला जाड गादी लागते.”

“हात दुखतोय?”

“हात, खांदा, जबडा. वय दुखतंय, हाज्जे.”

रुहामा इस्पितळात उगाच म्हातारी झाली नव्हती. तिनं झुहैरला हाक मारली, त्यानं नाब्लुसच्या रुग्णवाहिकेला फोन लावला, आणि ती थोड्याच वेळात आलीसुद्धा. पण आली ती पलीकडे. अडसराच्या मागे तिचा दिवा फिरताना दिसत होता. तिला इकडे यायला परवानगी हवी होती. अबू वजदीला तिकडे न्यावं, तर हातगाड्यांची वाट सकाळपासून बंद ठेवली होती.

“आजारी माणूस आहे, उघड ना वाट,” ड्रोरा एलादला म्हणाली. या वेळी ती राजा म्हणाली नाही.

“मी विचारलंय वर. वरून हो आल्याशिवाय मी उघडू शकत नाही.”

“मग परत विचार.”

“विचारतोय, बाई, विचारतोय! दिसत नाहीये का?” त्याच्या एका कानाला वायरलेस होता आणि कपाळावर एवढ्या थंडीत घाम.

रुहामानंही फोन लावला. असल्या अडचणींसाठीच असलेल्या कचेरीचा नंबर तिच्या बोटांना पाठ होता. फोनवरच्या मुलीनं नाव विचारलं, नाका विचारला, आजाऱ्याचा ओळखपत्राचा नंबर विचारला, मग म्हणाली, “बघतोय आम्ही. लाइनवर राहा.” आणि फोनमध्ये गाणं वाजू लागलं.

दोघा हमालांनी अबू वजदीला त्याच्याच गाडीवर पोती पसरून आडवं केलं होतं. रुहामा त्याच्या उशाशी, एका हातानं फोन कानाला धरून. त्यानं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि अरबीत म्हणाला, “बरदान.”

तिला शब्द कळला. रुहामाची अरबी जेमतेम इस्पितळापुरती होती. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा, हलू नका. पण हा शब्द तिनं जन्मभर ऐकला होता. एक्स-रेच्या गार पत्र्यावर उघड्या अंगानं झोपवलेला प्रत्येक अरबी पेशंट तो म्हणायचा. थंडी वाजतेय. आणि ती काचेच्या मागून जे उत्तर द्यायची तेच तिच्या तोंडून आताही आलं. “श्वय्या, श्वय्या.” एक मिनिट. इस्पितळात ते खरंही असायचं. एका मिनिटात फोटो निघायचा आणि माणूस कपडे घालायचा. आता तिनं मोकळ्या हाताचं एक बोट वर केलं, कारण फोनमधलं गाणं थांबलं होतं आणि मुलगी परत बोलू लागली होती.

अबू वजदी गप्प झाला. परत काही म्हणाला नाही.

नंतर वरून हो आलं. वाट उघडली. हमालांनी गाडी ढकलली आणि एलादनंही बंदूक पाठीवर टाकून काही पावलं गाडीचा कोपरा धरला. रांगेतली माणसं भिंतीला चिकटून वाट देत होती. रुग्णवाहिकेचं दार लागलं, भोंगा वाजला, गाडी डोंगराच्या वळणाला गेली. एलाद परत आला, रेघेपाशी उभा राहिला, आणि बराच वेळ रेघेच्या मागे जा म्हणून कुणालाच म्हणाला नाही. रुहामा नि ड्रोरा पाळी संपेपर्यंत थांबल्या.

घरी येऊन रुहामानं मसुरीचं सूप गरम केलं, प्यायली, थोडी आडवी झाली. झोपही लागली. उठून तिनं त्या दिवसाचं टिपण लिहून ड्रोराकडे धाडलं, आणि लगेच ड्रोराचा फोन आला.

“ ‘एक हमाल आजारी पडला, त्याला हातगाडीवरून रुग्णवाहिकेपर्यंत नेलं.’ एवढंच, रुहामा?”

“आणखी काय झालं?”

ड्रोरा म्हणाली, “एक हमाल नाही गं. अबू वजदी.”

“मग तू नाव घाल.”

“तुला काही होत नाही का?”

रुहामानं खरंच विचार केला. “नाही,” ती म्हणाली. “मला नाही वाटत काही होतंय.”

दुसऱ्या दिवशी झुहैरनं ड्रोराला कळवलं. इस्पितळाच्या दारातच अबू वजदी गेला होता. एक डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच खिळखिळं झालेलं, आज ना उद्या व्हायचंच होतं. दुसरे डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर वाचलाही असता, सांगता येत नाही. फोनवर ड्रोरा हुंदके देत होती. रुहामा म्हणाली, “बरं. कळलं.” फोन ठेवला आणि फ्रिज पुसायला घेतला. तो पुसायचा राहिलाच होता.

फ्रिज पुसून झाल्यावर तिनं ड्रोराला परत फोन केला. “उद्या मला नाक्यावर सोड.”

“उद्या गुरुवार. आपली पाळी नाही.”

“मला पलीकडे जायचंय. दुखवट्याला.”

“वेड लागलंय तुला? केवढी लाल पाटी आहे तिथे! इस्रायली नागरिकांना आत जायला मनाई, कायद्यानं गुन्हा. वाचता येतं ना?”

“येतं.”

“आणि काय सांगशील तिथे जाऊन?”

“ते मला माहीत नाही. उद्या दुखवट्याचा शेवटचा दिवस आहे, एवढं माहीत आहे.”

ड्रोरानं सिगारेट पेटवल्याचा आवाज आला. “सकाळी लवकर येते,” ती म्हणाली.

नाब्लुसमध्ये शिरणाऱ्यांची रांग बाहेर पडणाऱ्यांच्या रांगेसारखी नसते. भरभर पुढे सरकते. रुहामा तिच्यात जाऊन उभी राहिली. इतकी वर्षं ती या रांगेच्या बाजूला उभी राहिली होती, आत कधीच नाही. आतून सगळं वेगळं दिसत होतं, म्हणजे दिसतच नव्हतं. पुढच्या माणसाची पाठ आणि त्याच्या खांद्यावरची बटाट्याची पिशवी, बास. तिला वाटलं होतं, आता तरी छातीत काहीतरी होईल. झालं नाही. तिनं फिरत्या फाटकात पाऊल टाकलं आणि फाटक खटकन अडकलं.

“बाई!” एलाद धावत आला. “हे काय करताय? मागे या.”

“मी रांगेत आहे.”

“तुम्हाला आत जाता येत नाही. पाटी आहे.”

“माहीत आहे. परवा ज्याची गाडी तू ढकललीस तो गेला. मी त्याच्या घरी चाललेय.”

एलादचा चेहरा पडला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. “गेला?” त्यानं विचारलं. मग इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. “ऐका, मला तुमच्याशी भांडायचं नाही. पण तुम्हाला सोडलं तर माझं कोर्ट मार्शल होईल. आणि तुमच्या सुरक्षेसाठीच आहे ते.”

“मला कोण काय करणार आहे?”

“मागे या, प्लीज.”

“मी इथेच उभी राहते.”

“मग मला ही फाटकं बंद करावी लागतील. सगळी.”

आणि त्यानं केली. वरचा लाल दिवा लागला. रुहामा लोखंडी गजांमध्ये उभी, मागे रांग साचत चाललेली. आधी कुजबुज झाली, मग आवाज वाढले. बटाट्याची पिशवी तिच्या आधीच सुटून गेली होती, पण मागे एक बाई होती, जिची मुलगी इस्पितळात होती. एक मास्तर होते, ज्यांचा वर्ग भरला होता.

“काय झालं? का थांबलं?”

“ती यहुदी म्हातारी. आत जायचं म्हणते.”

“तिला आजच सुचलं का?”

“हाज्जे,” मास्तर अगदी अदबीनं म्हणाले, आणि तेही हिब्रूत, “देव तुमचं भलं करो, पण मला कामावर जायचंय.”

रुहामानं मागे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत तिच्यामुळे रांग पुढे सरकली असेल नसेल, आज मात्र ती तिच्यामुळेच थांबली होती, एवढं नक्की. ती म्हणाली, “माफ करा,” आणि अंग चोरून मागच्या मागे बाहेर आली. तिला वाट देताना कुणी चिडलं नाही. दिवा हिरवा झाला. रांग पुन्हा चालू लागली, जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

ड्रोरा चहाच्या गाडीपाशी थांबली होती. ती तोंड उघडणार, तेवढ्यात झुहैर म्हणाला, “बसा, हाज्जे. मी त्याच्या बहिणीला फोन केलाय. ती म्हणाली, तिला येता येत नसेल तर मी येते.”

“तिनं कशाला? दुखवट्याच्या घरातून?”

“सुब्हिया आहे ती. तिला नको म्हणणारा अजून जन्मला नाही. एक होता तिच्याशी भांडणारा, तोही गेला.”

सुब्हिया आली तेव्हा ऊन शेडवर चढलं होतं. बाहेर पडणाऱ्यांच्या रांगेत तिला बराच वेळ उभं राहावं लागलं. अलीकडून रुहामा आणि ड्रोरा तिला बघत होत्या आणि काही करू शकत नव्हत्या. ड्रोरा एलादकडे गेली तसा तो म्हणाला, “रांगेतून एकीला पुढे घेतलं की बाकीचे काय म्हणतील?” आणि या एका बाबतीत तो बरोबर होता. शेवटी फाटकातून एक ठेंगणी, रुंद बाई लंगडत बाहेर आली. भरतकामाचा काळा झगा, पांढरी ओढणी, हातात थर्मास आणि खजुराचा डबा. तरुणपणी तिनं इस्रायलमधल्या संत्र्यांच्या बागांत पेट्या भरल्या होत्या. तिची हिब्रू त्या बागांतली, शिव्यांनी भरलेली.

“कोणती तू?” तिनं विचारलं. “फोनवाली की सिगारेटवाली?”

“फोनवाली.”

“बस.”

दोघी सिमेंटच्या ठोकळ्यावर बसल्या. सुब्हियानं इवल्या कपात कडू कॉफी ओतली. दुखवट्याची कॉफी बिनसाखरेची असते. ड्रोरालाही दिली, झुहैरलाही दिली. रुहामा प्यायली. जीभ पार कडवटली. खजूर घेतला.

“तो माझ्याबद्दल सांगायचा?” रुहामानं विचारलं.

“सांगायचा. म्हणायचा, एक म्हातारी येते, चेहरा असा की भिंत परवडली. पण येते.” सुब्हियानं थर्मासचं झाकण लावलं. “आता मला सांग. त्या दिवशी तू त्याच्याजवळ होतीस. काय बोलला तो? त्याची बायको विचारते. रिवाजानं चार महिने ती घराबाहेर पडायची नाही, म्हणून मी आलेय. काही बोलला का?”

खोटं बोलणं सोपं होतं. देवाचं नाव घेतलं म्हणायचं, नाहीतर बायकोचं घेतलं. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. ड्रोरानं तिच्याकडे असं पाहिलं, की ते तिच्याही मनात आलं असावं.

“थंडी वाजतेय म्हणाला,” रुहामा म्हणाली. “मी फोनवर होते. मला कळलं, तो काय म्हणाला ते. माझ्या अंगात हाच कोट होता. मी म्हटलं, एक मिनिट. आणि बोट वर केलं, असं. मग तो बोलला नाही.”

तिनं हे एक्स-रेचा अहवाल वाचून दाखवावा तशा आवाजात सांगितलं. दुसरा आवाज तिच्यापाशी नव्हता.

सुब्हिया कोटाकडे बघत राहिली. चांगला जाड कोट होता, आतून मऊ. तिनं हात पुढे करून बाहीचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं, दुकानात धरतात तसं, आणि सोडलं.

“गरम आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“त्याला घालता आला असता.”

“हो.”

फाटकं खटखट फिरत होती. ड्रोरा पाठ फिरवून डोळे पुसत होती.

“लहानपणापासून त्याला कुणी गप्प करू शकलं नाही,” सुब्हिया शेवटी म्हणाली. “आमची आई चप्पल घेऊन मागे लागायची. मास्तर कान पिळायचे. तुझ्या एका बोटानं गप्प झाला.” ते कौतुक होतं, राग होता की दोन्ही, रुहामाला कळलं नाही, बहुधा सुब्हियालाही नसावं. “बायकोला मी हे सांगणार नाही. तिला सांगेन, थंडी वाजतेय म्हणाला आणि तू कोट घातलास.”

“ते खरं नाही.”

“मग? झोपायचंय कुणाला, तुला की तिला?”

रुहामानं रिकामा कप ठोकळ्यावर ठेवला. म्हणाली, “मला रडू येत नाहीये. तुम्ही रागावू नका.”

“मलाही नाही येत.” सुब्हियानं खांदे उडवले. “तीन दिवस बायका येऊन माझं तोंड निरखतायत, रडते का म्हणून. काल ओढणी डोळ्यांना लावून बसले, त्यांचा हिरमोड नको. एक मुलगा पुरला, नवरा पुरला, आता हा. कुठून आणायचं दर वेळी नवं पाणी?” ती उठायला गेली, गुडघा धरून खाली बसली आणि बागेतली एक सणसणीत शिवी हासडली. “हा गुडघा तेवढा रडतो, रोज.”

“कुठे दुखतो? आतून की वाटीवर?”

“तू काय डॉक्टर आहेस?”

“नाही. हाडांचे फोटो काढायचे मी.”

“मग काढ.”

“इथे कसा काढू? नाब्लुसला काढून घ्या. झुहैरबरोबर पाठवा, मी बघून सांगते.”

सुब्हियानं थर्मास काखेत मारला. खजुराचा डबा ठोकळ्यावरच ठेवला, ड्रोराच्या दिशेनं सरकवून. जाताना तिनं रुहामाचा हात घेतला नाही की गालाला गाल लावला नाही. “कोट घालून बस, वारा आहे,” एवढं म्हणाली आणि लंगडत रांगेकडे गेली.

त्या संध्याकाळी रुहामानं मंगळवारचं टिपण पुन्हा लिहायला घेतलं. आता त्यात अबू वजदीचं नाव होतं, तो काय म्हणाला ते होतं, ती काय म्हणाली तेही होतं. गटातल्या काही जणींनी फोन करून तिला सांगितलं, स्वतःला इतका दोष देऊ नकोस. ती म्हणाली, दोष नाही, जे झालं ते लिहिलंय.

मंगळवार चालू राहिले. अबू वजदीची गाडी त्याच्या एका पुतण्यानं घेतली. पुतण्या फारसा बोलका नव्हता; चहाही पीत नसे. एलादची महिन्याभरात बदली झाली आणि त्याच्या जागी आला तो कुणालाच, रेघेच्या मागच्या बायकांनासुद्धा, उत्तर देत नसे. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात तर नाकाच उठवला. फाटकं काढली, शेड उपटली, गाड्या भरधाव नाब्लुसमध्ये जाऊ लागल्या. झुहैरला चहाची गाडी घेऊन दुसरा नाका शोधावा लागला. गटानं रुहामा आणि ड्रोराला लष्करानं घातलेल्या कुंपणातल्या एका दारावर नेमलं. तिथे ऑलिव्हवाले शेतकरी आपल्याच शेतात जाण्यासाठी ताटकळत. तिथेही रेघ होती.

सुब्हियाच्या गुडघ्याचा फोटो मात्र त्या वसंतातच आला, झुहैरच्या हातून, तपकिरी पाकिटात घालून. रुहामानं तो स्वयंपाकघराच्या खिडकीवर धरला. बाहेर ऊन होतं. राखाडी फिल्मवर एका म्हाताऱ्या बाईचं हाड स्वच्छ दिसत होतं. सांध्यातली फट जवळजवळ बुजलेली, कडेला हाडाचे काटे आलेले. किती तरी वेळ ती तशीच उभी राहिली. हात भरून आले, पण खाली घ्यावेसे वाटेनात. मग तिनं फोन लावला.

“हाडाला हाड घासतंय,” ती म्हणाली. “कूर्चा उरलेली नाही. जास्त वेळ उभं राहू नका.”

“कुठे, रांगेत?” पलीकडून सुब्हिया खदखदून हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला. “मग नाक्यावरच्या तुझ्या पोरांना सांग की गं, एक खुर्ची टाका म्हणावं.”

“सांगेन,” रुहामा म्हणाली.

“सांगशील तू. म्हणूनच तर बोलले.” मग वेगळ्या आवाजात, “जेवलीस का?”

रुहामानं गॅसकडे पाहिलं. पातेलं रिकामं होतं. “नाही अजून,” ती म्हणाली.

“मग जेव आधी,” सुब्हिया म्हणाली आणि फोन ठेवून दिला.